खाऱ्या पाण्यातली वस्ती : मंठा, लोणार, परभणी

लोणार सरकारी कागदावर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, पण जालना-परभणीकडच्या माणसाला ते कधी लांबचं वाटत नाही, मंठ्याहून निघालं की तासाभरात विवराच्या काठावर. बहुतेक लोक जातात, उल्का पडली तो खड्डा बघतात, काठावर फोटो काढतात आणि परत फिरतात. मला मात्र त्या पाण्यात राहणाऱ्यांना बघायचं होतं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणजे रोज आजाराचे जंतू बघायचे. लोणारच्या पाण्यातले जीव मात्र कुणाला आजारी न पाडता अशा ठिकाणी नांदतात जिथं आपल्या ओळखीचं जवळपास काहीच टिकत नाही. सोबत नवरा होता, त्याला मंदिरं आणि खाणं दोन्ही प्रिय, आणि अकरावी सायन्सला असलेला भाचा, त्याला सगळ्यालाच "का?" विचारायचं असतं. त्याच्यामुळे ही ट्रिप मला जास्त कळली.

पहिला दिवस : संभाजीनगर – जालना – मंठा

सकाळी थंडीत निघालो. जालन्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोसंबीचे ढीग लागतात तिथं थांबलो, एका काकांनी वजनात दोन मोसंब्या वर टाकल्या आणि "ताई, ज्यूस काढू नका, सोलून खा, चव कळंल" असं बजावून सांगितलं. खरंच गोड होत्या. दुपारपर्यंत मंठ्याजवळ आत्याच्या शेतावर.

डिसेंबर-जानेवारीत इकडं आलात आणि हुरडा न खाता गेलात तर येण्यात अर्थ नाही. गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, भाजली की आत्याचा गडी गरम गरम कणीस हातावर चोळतो आणि हिरवे दाणे ताटात पडतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बोटं भाजतात पण कुणी थांबत नाही. आत्याला आम्ही उद्या लोणारला जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "देवीला जा, दैत्यसूदनाला जा, पण त्या पाण्यात काय बघायलीस बाई? मासा नाही, बेडूक नाही, नुसता वास."

मी म्हटलं, आत्या, त्या पाण्याच्या एका थेंबात तुझ्या गावापेक्षा जास्त लोकवस्ती आहे. तिला ते पटलं नाही पण तिनं एक चांगली गोष्ट सांगितली, तिच्या सासूबाई उडदाच्या पापडाला लोणारचा खार आवर्जून मागवायच्या. लोणारच्या काठावर पाणी आटलं की क्षार जमतात, पूर्वी ते गोळा करून विकायचे, त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावंसुद्धा होती. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचा आणि त्या तळ्याचा संबंध जुना आहे.

संध्याकाळी आत्यानं मुळ्याची कोशिंबीर करायला घेतली, मुळा किसून मीठ लावून ठेवला, आणि दहा मिनिटांत परातीत पाणी सुटलेलं. भाच्याला तिथंच सगळं दाखवता आलं. मीठ बाहेर जास्त झालं की पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, मुळ्याचं जे झालं तेच कुठल्याही साध्या जिवाणूचं खाऱ्या पाण्यात होतं, आतलं पाणी गेलं की प्रथिनं काम करेनाशी होतात, सगळी यंत्रणा ठप्प. लोणचं, खारवलेले मासे टिकतात त्याचं मोठं कारण हेच.

मग प्रश्न आलाच, "मावशी, मग लोणारवाले कसे सुकत नाहीत?"

दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही मला अजूनही अचाट वाटतात. पहिला असा की बाहेरचं मीठ आत घ्यायचंच नाही, पण आतलं पाणी धरून ठेवण्यासाठी पेशीनं स्वतःच दुसरं काहीतरी विरघळवून ठेवायचं, असं काहीतरी की जे भरपूर साठवलं तरी पेशीच्या कामात आडवं येणार नाही. कुणी ग्लिसरॉल बनवतं, कुणी ग्लायसिन बीटेन, कुणी ट्रेहॅलोज नावाची साखर, कुणी एक्टोइन. हे एक्टोइन पहिल्यांदा १९८५ मध्ये सोड्याच्या तळ्यात राहणाऱ्या एका जांभळ्या जिवाणूत सापडलं, आज ते महागड्या स्किन क्रीममध्ये आणि डोळ्यांच्या ड्रॉप्समध्ये असतं, कारण ते पाणी धरून ठेवतं. ड्युनालिएला नावाचं एक शैवाल तर बाहेर मीठ वाढलं की आत ग्लिसरॉल वाढवत नेतं, त्याला कडक पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ते आधी आक्रसतं, मग ग्लिसरॉल तयार झालं की परत फुगून मूळ आकारात येतं. मिठागरात, मृत समुद्रात, सगळीकडे ते सापडतं.

दुसरा रस्ता सरळ आहे. मीठ बाहेर आहे ना, मग आतही भरा. हे करतात ते हॅलोआर्किया, जिवाणूंपेक्षा वेगळ्या कुळातले जीव, आणि सॅलिनिबॅक्टर नावाचे काही जिवाणू. पण ते सोडियम नाही भरत, सोडियम पंप करून बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात, इतकं की पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं घट्ट द्रावणच होतं. आपली प्रथिनं अशा द्रावणात एकमेकांना चिकटून गठ्ठा होतील. त्यांची होत नाहीत, कारण त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लं, ग्लुटामेट आणि अस्पार्टेट, खच्चून भरलेली असतात, ऋण भाराची, ती भोवती पाण्याचा आणि क्षाराच्या आयनांचा थर धरून ठेवतात. म्हणजे एखाददुसरं प्रथिन बदलून भागलं नाही, पेशीतली बहुतेक सगळी प्रथिनं खाऱ्यासाठी घडत गेली. आणि आता त्यांना मीठ लागतंच. मीठ काढून घेतलं तर तीच प्रथिनं उलगडतात, बिघडतात.

भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, म्हणजे ते मीठ सहन करत नाहीत, त्यांना ते हवंच असतं. मी म्हटलं, हे वाक्य उद्या तळ्यावर लक्षात ठेव.

(टिप : हुरड्यासाठी ओळखीचं शेत नसेल तर रस्त्यालगत हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात, आधी फोन करून जा, सकाळी अकराच्या आत गेलात तर कणसं ताजी मिळतात. रात्री थंडी बरीच पडते, शेतावर राहणार असाल तर स्वेटर नाही, शालच लागते.)

दुसरा दिवस : लोणार

पहाटे निघालो, सूर्य वर यायच्या आत काठावर. वरून बघताना पहिली गोष्ट लक्षात येते ती गोलाई. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काळ्या बसाल्टमध्ये, उल्कापातानं झालेलं. बसाल्टमध्ये असं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथं येतात. वय बरीच वर्षं ५० हजारांच्या आसपास धरायचे, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजल्यावर ५ लाख ७० हजार वर्षांचा आकडा आला. पाण्यावर सकाळचं धुकं, काठाला गच्च झाडी, आणि झाडीतून मोर ओरडत होते, एक संपला की दुसरा.

आधी धारेवर गेलो. गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते, बारमाही, बायका-पुरुष अंघोळीला आलेले, एक आजी नातवाला धारेखाली धरून "घे रे गंगा अंगावर" म्हणत होत्या आणि ते पोर थंडीनं किंचाळत होतं. हे गोडं पाणी पुढं खाली विवरात उतरतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं येणार आहे.

वनखात्याच्या गेटवर नोंद करून एक स्थानिक गाईड दादा सोबत घेतले. गाईड घ्याच. वाटा ते सांगतात, कुठल्या भागात जाता येतं तेही ऋतूप्रमाणे बदलतं, आणि त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी पाटीवर लिहिलेल्या नसतात. खाली उतरताना सीताफळं, साग, पुढं पाण्याजवळ वेडी बाभूळ. अर्ध्या वाटेवरच वास यायला लागतो, सडक्या अंड्याचा. नवऱ्यानं रुमाल लावला. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, तळाच्या चिखलात जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथले जिवाणू सल्फेट वापरून श्वास घेतात आणि हा वायू सोडतात, तेव्हा वास आला म्हणजे वस्ती जागी आहे असं समजायचं.

पाणी हिरवं होतं. गर्द, घट्ट हिरवं. बोट बुडवून चोळलं की बुळबुळीत लागतं, साबण लावल्यासारखं, कारण पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (साधं पाणी ७, त्याच्या वर अल्कली), १० च्या आसपास असतो आणि कातडीवरच्या तेलाचा खरोखरच थोडा साबण होतो. इथं एक गैरसमज काढून टाकते. लोणार खारं आहे, पण मिठाच्या हिशेबात ते मृत समुद्राच्या जवळपासही नाही. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, मृत समुद्रात त्याच्या जवळजवळ दहापट. लोणारची खरी कमाल सोड्यात आहे, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. विवराला पाणी बाहेर जायला वाट नाही, आजूबाजूच्या खडकातून झिजून आलेलं सोडियम आत येतं, पाणी उन्हानं उडून जातं, क्षार तिथंच राहतात, हजारो वर्षं हेच. म्हणजे इथल्या जिवाला दोन संकटांना एकदम तोंड द्यायचं, क्षार आणि अल्कली.

अल्कलीची गंमत वेगळी. पेशीला ऊर्जा बनवायला बाहेर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भाराचे कण, जास्त आणि आत कमी लागतात, आणि इथं तर बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ. मग इथले जिवाणू सोडियमच कामाला लावतात. पेशीच्या आवरणात असे पंप असतात की जे एक सोडियम बाहेर टाकताना प्रोटॉन आत ओढून घेतात, त्यामुळे बाहेर पीएच १० असला तरी आतला बराच कमी राखता येतो. काहींची पोहायची शेपटीसुद्धा सोडियमच्या प्रवाहावर फिरते. ज्या सोडियमची एवढी अडचण, त्याच्यावरच घर चालवायचं!

काठावर परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेची सहल आली होती, विज्ञानाचे सर आणि आठवी-नववीची मुलं. माझ्याकडे फोल्डस्कोप होता, कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमनं काढलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो. गाईड दादांना विचारून काठावरच एक थेंब स्लाइडवर घेतला, बघून झाल्यावर तिथंच परत सोडला. (टिप : हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पाणी, माती, दगड, क्षार काहीही बाटलीत भरून आणू नका, नमुने न्यायला रीतसर परवानगी लागते. बघायचं ते तिथंच.)

उन्हाकडे धरून बघितलं आणि दिसले. बारीक हिरवे धागे, प्रत्येकाला नेमके, सारख्या अंतराचे पीळ, काही पीळ सैल, काही आवळलेले, आणि त्यातला एक हळूच स्वतःभोवती फिरत सरकत होता. आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना म्हणून गोळ्या मिळतात तेच. तळ्याचा हिरवा रंग मुख्यतः यांचा. आफ्रिकेत चाड देशात तळ्याकाठचे लोक हेच गाळून, वाळवून वड्या करून पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. सोड्याचं पाणी यांना इतकं मानवतं की तिथं दुसरं कुणी स्पर्धेला उरत नाही. मीठ वाढलं तर हे पहिल्या रस्त्यानं जातात, आत ग्लुकोसिलग्लिसरॉल आणि ट्रेहॅलोज साठवतात.

मुलं रांगेनं बघत होती, "सर हलायलंय! सर हलायलंय!" असा गलका. सरांनी त्यांना सांगितलं की हे धागे एवढे मोठे म्हणून दिसतात, बाकीचे जिवाणू याच्यात दिसायचे नाहीत. बरोबर होतं. त्या न दिसणाऱ्यांत लोणारमध्येच पहिल्यांदा सापडलेले जीवही आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर काम करणारी संस्था) इथल्या शास्त्रज्ञांनी इथून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचं नाव सेसेम्बिया लोणारेन्सिस आहे, संस्थेचं नाव पुढं आणि लोणारचं मागं. हे सांगितल्यावर गाईड दादांनी मला ते नाव परत म्हणायला लावलं आणि मोबाईलमध्ये लिहून घेतलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या लोकांनीही इथल्या जिवाणूंवर काम केलंय, त्यामुळे सरांनी मुलांना "नांदेडला गेलात तर तुम्हीपण करू शकता" म्हटलं ते मला फार आवडलं.

मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्या पाण्यात गोडं पाणी सोडलं तर त्यांना बरं वाटंल का?"

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. उत्तर त्यानंच दिलं, नाही, मरतील, आणि आदल्या रात्रीचं सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. हॅलोआर्कियाचं तर असं की पुरेसं मीठ नसेल तर त्यांचं बाहेरचं आवरणच सुटं होतं, पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. लॅबमध्ये साध्या पाण्यात टाकल्या की द्रव काही क्षणांत नितळ होतो, कारण पेशी उरतच नाहीत.

याच हॅलोआर्कियानं जून २०२० मध्ये अख्खं तळं गुलाबी केलं होतं. गाईड दादा तेव्हा इथंच होते. म्हणाले, "लॉकडाऊन होतं, कुणी येत नव्हतं, आणि एका सकाळी बघतो तर पाणी गुलाबी. आजोबांनीसुद्धा असं कधी पाहिलं नव्हतं म्हणाले. लोक म्हणायले लोणासुराचं रक्त वर आलं." पुराणकथा अशी की विष्णूनं दैत्यसूदन होऊन लोणासुराला इथं मारला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खारप्रेमी हॅलोआर्किया निघाले. त्या उन्हाळ्यात पाणी खूप आटलं होतं, क्षार घट्ट झाले होते आणि त्यांना हवा तसा सीझन मिळाला. पावसानं पाणी वाढलं तसा रंग गेला.

गुलाबी रंग म्हणजे बॅक्टेरिओरुबेरिन, ५० कार्बनचं लांब रंगद्रव्य, पेशीच्या आवरणात बसून कडक उन्हापासून डीएनए वाचवतं. काही हॅलोआर्कियाकडे आणखी एक जांभळं प्रथिन असतं, बॅक्टेरिओरोडॉप्सिन, १९७१ मध्ये त्याची ओळख पटली. त्यात रेटिनल असतं, आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतं तेच, आणि ते उन्हाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलून ऊर्जा मिळवून देतं. घट्ट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो, त्यामुळे हा सौर बंदोबस्त. काहींच्या पोटात हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्या घेऊन ते वर पृष्ठभागाला येतात, जिथं ऊनही आहे आणि हवाही. आणि एक तर चक्क चौकोनी आहे, हॅलोक्वाड्राटम, पातळ चौकोनी फरशीच, १९८० मध्ये अँथनी वॉल्सबी यांना सिनाईच्या एका खाऱ्या डबक्यात दिसला आणि लॅबमध्ये वाढवायला २००४ उजाडलं. आत-बाहेर क्षार सारखेच असल्यानं पेशीत दाब नसतो, म्हणून गोल फुगायची सक्तीच नाही. मुलांना हा चौकोनी सगळ्यात जास्त आवडला.

आता काळजीची गोष्ट. तळ्याचं पाणी वाढलंय. कमळजा देवीच्या मंदिराकडे जायची नेहमीची वाट पाण्यानं गाठली होती, जवळची सासू-सुनेची विहीर, जिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं सांगतात, तिच्याकडेही आम्हाला जाता आलं नाही. दादांना विचारलं तर म्हणाले पाऊस, झरे, सगळंच आत येतं. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी वाढलं हे ऐकून वाईट वाटायची सवयच नाही, आपण टँकरमागं धावलेलो लोक, तळं भरलं की आपण पेढे वाटतो. पण इथं प्रत्येक गोड्या थेंबागणिक क्षार पातळ होतो, पीएच खाली येतो, आणि जी वस्ती फक्त या खारातच जगू शकते तिची जागा गोड्या पाण्यातले नेहमीचे जीव घेतात, जे कुठल्याही बंधाऱ्यात मिळतील. धारेचं पाणी नैसर्गिक आहे, ते पहिल्यापासून येतंय. पण त्यासोबत सांडपाणी, शेतातली खतं, साबण आत जाऊ द्यायचं की नाही हे तरी आपल्या हातात आहे ना. धारेवर अंघोळीला गेलात तर साबण-शाम्पू वापरू नका, ही टिप नाही, विनंती समजा.

वर आल्यावर गावातल्या खानावळीत पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. पोट भरल्यावर नवऱ्याला दैत्यसूदन मंदिर दाखवायचं होतं, चालुक्य काळातलं, बाहेरच्या भिंतीवर एक इंचही कोरा नाही. तिथं दुपार कधी गेली कळलं नाही. छताकडे बघायला टॉर्च न्या, आतल्या अंधारात लोणासुराची कथा कोरलेली आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

(टिपा : उतरायचं तर सकाळीच, दुपारी विवरात हवा कोंडते आणि चढताना दम निघतो. पाण्याच्या बाटल्या भरपूर, पायात बूट, काटे फार आहेत. माकडांपासून खाऊ लांब ठेवा. मुलं सोबत असतील तर पीएचच्या कागदी पट्ट्या नेल्यात तर मजा येते, धारेचं पाणी आणि तळ्याचं पाणी शेजारी शेजारी तपासायचं, रंग इतका वेगळा येतो की समजवायची गरजच पडत नाही.)

तिसरा दिवस : जिंतूर – परभणी – मानवतकडचं शेत

आत्यानं डब्यात धपाटे आणि दही दिलं. जिंतूरला नेमगिरीची जैन लेणी बघितली, पार्श्वनाथांची भली मोठी मूर्ती एवढ्याशा दगडावर टेकलेली आहे, आत शिरायचं दार मात्र इतकं बुटकं की वाकूनच जावं लागतं. तिथल्या काकांनी घाई न करता सगळं दाखवलं.

परभणीला नवऱ्याचा मित्र, मातीच्या तपासणीतला माणूस, आम्हाला मानवतकडच्या त्याच्या काकांच्या शेतावर घेऊन गेला. पैठणच्या डाव्या कालव्याखालची काळी जमीन. चांगल्या कापसाच्या मधोमध एक तुकडा चोपण झालेला, ऊस घेऊन घेऊन, पाणी देऊन देऊन, आणि निचरा नाही. वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही, ओली असली की पाय घोट्यापर्यंत जातो. काकांनी एक ढेकूळ हातात दिलं आणि म्हणाले, "बघा ताई, फोडून दाखवा." फुटलं नाही. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटतं, कण सुटे होतात, मातीची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. लोणारचंच सोडियम, फक्त इथं ते माणसानं पाणी देऊन वर आणलेलं.

मी अर्थातच विचारलं की यात जिवाणू कोणते. मित्र म्हणाला, असतात ना, पण लोणारपेक्षा वेगळ्या स्वभावाचे. आणि खरंच, विचार केला की सगळं जुळतं. तळ्यात क्षार कमी-जास्त व्हायला ऋतू लागतो, मातीत ते एका दिवसात होतं, उन्हात घट्ट, पाऊस पडला की एकदम पातळ. पोटॅशियम भरून बसलेला, फक्त खारातच जगणारा जीव इथं पहिल्या पावसात संपेल. इथं टिकतात ते पहिल्या रस्त्यावरचे, गरज पडली की आत प्रोलिन, ट्रेहॅलोज साठवायचं, गरज संपली की सोडून द्यायचं. हे सोडणंही बघण्यासारखं असतं, अचानक गोडं पाणी आलं की पेशी फुगायला लागते, आवरण ताणलं जातं, आणि त्या ताणानंच आवरणातली खास दारं उघडतात, क्षणाच्याही छोट्या भागात साठवलेलं सगळं बाहेर फेकलं जातं, पेशी वाचते. मृगाचा पाऊस तापलेल्या ढेकळांवर पडतो तेव्हा मातीच्या चिमटीत कोट्यवधी दारं अशी उघडत असणार.

पण ही साठवण फुकट होत नाही, ऊर्जा लागते, आणि सगळ्यांना जमत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमचे काही वाण क्षार सोसतात, बरेचसे सोसत नाहीत, म्हणून चोपण जमिनीत तूर-सोयाबीनच्या गाठी कमी धरतात. काकांनी हे ऐकून लगेच विचारलं, "मग माझ्या जमिनीला कोणता लावायचा?" मित्रानं त्यांना आधी जमीन सुधारा म्हणून सांगितलं. चर काढून निचरा, मग माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर वाहून जातं, नंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलायच्या आत गाडायचं. जिवाणू खताचं त्यानंतर, परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारून. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकलं तर पैसे मातीत, हे त्यानं काकांना तीनदा सांगितलं.

इथं सोडियम घालवायची धडपड, आणि काल जिथून आलो तिथं ते राखायची. भाचा परतीच्या वाटेवर यावरच बोलत होता. १९३६ मध्ये बेंजामिन एलाझारी व्होल्कानी यांनी मृत समुद्रात जिवंत सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं तोपर्यंत ते पाणी निर्जीव समजलं जायचं, हे मी सांगितल्यावर त्यानं विचारलं की मग लोणारच्या तळाच्या चिखलात अजून किती नावं नसलेले जीव असतील. भरपूर, कारण बहुतेक जीव आपल्या लॅबमधल्या बशीत वाढतच नाहीत, त्यांचा फक्त डीएनए सापडतो.

परभणीहून रात्री निघू नका, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात आणि बऱ्याच जणांना मागं रिफ्लेक्टर नसतो. आम्ही मुक्काम केला. आता मे अखेरीस परत लोणारला जायचं ठरलंय, तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं. पीएचच्या पट्ट्या भाच्यानं मागवून ठेवल्यात, आणि सहलीच्या सरांचा नंबर त्याच्याकडे आहे, ती प्रश्न विचारणारी मुलगीही येणार असं सर म्हणाले.